चिठ्ठी ते उपचार: ग्रामीण शाळांतल्या दिव्यांग मुलांच्या आरोग्यसेवेचं परीक्षण

हे परीक्षण एखाद्या दवाखान्याचं नाही. ग्रामीण भागातल्या सरकारी आणि अनुदानित शाळांत दिव्यांग मुलांसाठी जी आरोग्यसेवा चालते, तिची अख्खी साखळी इथं तपासली आहे. शाळेत येणारं पथक, त्यानं दिलेली, पुढच्या तपासणीला पाठवणारी संदर्भ चिठ्ठी, जिल्ह्याचं केंद्र, मोजमाप शिबिर, हातात पडणारं साधन आणि नंतरचा पाठपुरावा, असे तिचे टप्पे आहेत. आज बहुतेक पालक या सेवेला आरबीएसके, म्हणजे राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रम, म्हणून ओळखतात. पण तिची घडण शंभर वर्षांहून जुनी आहे आणि आज जाणवणारे बरेच दोष त्या जुन्या घडणीतूनच आलेले आहेत.

मत आधीच सांगायचं तर, मूल शोधण्यात ही सेवा आता चांगली झाली आहे. लहान वयात शस्त्रक्रियेनं किंवा प्लास्टरनं सुधारणारं व्यंग असेल तर ती फारच चांगली आहे. पण ज्या मुलाला दर काही महिन्यांनी पुन्हा बघावं लागतं, त्याच्यासाठी ती आजही अर्धवट आहे. ती एका दिवसाच्या तपासणीभोवती उभी राहिली आणि मूल तर रोज वाढतं.

शाळेतल्या मुलांची वैद्यकीय तपासणी आपल्याकडे प्रथम १९०९ साली बडोदा शहरात झाली. सयाजीराव गायकवाडांच्या त्या संस्थानात १९०६ पासून प्राथमिक शिक्षण सक्तीचं होतं, म्हणजे तपासायला शाळेत मुलं होती. खेड्यापर्यंत ही कल्पना पोचायला मात्र फार वर्षं गेली. शालेय आरोग्यसेवा देशात जवळजवळ नाहीच आणि जिथं आहे तिथं अविकसित आहे, असं देशाच्या आरोग्यसेवेची पाहणी करणाऱ्या भोर समितीनं १९४६ मध्ये नोंदवलं. पुढे १९६० मध्ये केंद्र सरकारनं रेणुका राय यांच्या अध्यक्षतेखाली शालेय आरोग्य समिती नेमली. तिनं १९६१ मध्ये सुचवलेलं वेळापत्रक असं होतं: शाळेत दाखल होताना एक तपासणी, नंतर दर चार वर्षांनी एक. म्हणजे पहिलीत, पाचवीत आणि नववीत. दुसरीत कान वाहायला लागलेल्या मुलाची पाळी पाचवीत येणार आणि तोवर वाचायला शिकण्याची महत्त्वाची वर्षं निघून गेलेली असणार.

त्याहून मोठी अडचण म्हणजे ही तपासणी हजेरीपटावरच्या मुलांची होती. पाय लुळा पडलेलं किंवा ऐकू न येणारं मूल पटावर असायचंच नाही. अशा मुलांच्या शाळा होत्या, पण त्या शहरांत. मुंबईत कर्णबधिरांची शाळा १८८५ ची, अमृतसरला अंधांची १८८७ ची. खेड्यातलं मूल एक तर घर सोडून तिथं राहायला जाई, नाहीतर घरातच राही. गावच्या शाळेत आलेल्या डॉक्टरला ते दिसण्याचा प्रश्नच नव्हता. म्हणून १९७४ पर्यंतच्या काळाला या परीक्षणात गुण देता येत नाहीत. तपासणी होती, पण ज्यांच्यासाठी ती सर्वांत गरजेची होती ते तपासणीच्या खोलीबाहेर होते.

१९७४ मध्ये केंद्र सरकारनं अपंग एकात्म शिक्षण योजना आणली. आधी ती समाजकल्याण खात्याकडे होती, १९८२ मध्ये शिक्षण खात्याकडे आली. या योजनेचं महत्त्व तिच्या दरपत्रकात दिसतं. १९९२ च्या सुधारित दरांप्रमाणे पुस्तकं आणि वह्यांसाठी वर्षाला ४०० रुपये, गणवेशाला २०० रुपये, प्रवासाला महिना ५० रुपये, अंध मुलांना पाचवीनंतर वाचून दाखवणाऱ्यासाठी महिना ५० रुपये आणि पायांनी तीव्र अपंग असलेल्या मुलाला सोबत करणाऱ्या मदतनीसासाठी महिना ७५ रुपये. साधनासाठी पाच वर्षांत मिळून २,००० रुपयांची मर्यादा.

यातला मदतनीस भत्ता हा सगळ्या योजनेतला सर्वांत शहाणा खर्च होता. वस्तीवरून शाळा दोन किलोमीटरवर असेल तर मुलाला नेण्या-आणण्यात एका माणसाचे रोजचे दोन तास जातात आणि हंगामात ते दोन तास म्हणजे बुडालेली मजुरी. रक्कम तुटपुंजी होती, पण अडचण नेमकी कुठं आहे ते ओळखून दिलेली होती. साधनाची मर्यादा मात्र उलट्या बाजूनं आखली गेली. शाळकरी वयात मूल वर्षाला साधारण पाच-सहा सेंटीमीटर वाढतं, पाच वर्षांत पंचवीस-तीस. पायाला बसवलेलं कॅलिपर, म्हणजे लुळ्या पायाला आधार देणारी पट्ट्यांची चौकट, तेवढा काळ टिकूच शकत नाही. पत्रा आणि चामडं टिकेल, पण पाय त्यातून बाहेर गेलेला असेल. याच योजनेत आठ मुलांमागे एक विशेष शिक्षक धरला होता. शहरातल्या मोठ्या शाळेत आठ मुलं एका इमारतीत मिळतात, पण ग्रामीण भागात ती पाच-सहा गावांत विखुरलेली असतात. शिक्षकाचा बराचसा दिवस एसटीची वाट बघण्यात जाणार, हे दरपत्रक आखताना धरलेलं नव्हतं.

या इतिहासातला आमच्या मते सर्वांत चांगला आराखडा १९८७ चा आहे. एनसीईआरटी ही शालेय शिक्षणाची राष्ट्रीय संस्था आणि युनिसेफ यांनी काही राज्यांत एकेक विकासगट निवडून एक प्रकल्प चालवला. महाराष्ट्रही त्यात होता. एखादी शाळा न निवडता गटातल्या सगळ्या शाळा एकदम घ्यायच्या, ही त्यातली कल्पना. शिक्षकांचं प्रशिक्षण तीन पातळ्यांवर होतं. सगळ्यांना एक आठवडा, त्यातल्या काहींना सहा आठवडे आणि मोजक्या शिक्षकांना पूर्ण एक वर्ष. त्यामुळे कुठल्याही वर्गात निदान शंका घेऊ शकणारा माणूस रोज हजर असतो, आणि ती शंका तपासू शकणारा माणूस त्याच गटात सापडतो. पथक वर्षातून एकदा येतं, शिक्षक दोनशेहून अधिक दिवस समोर असतो. हा साधा फरक त्या आराखड्यानं ओळखला होता. नंतरच्या योजनांत पैसा वाढला, पण ही तीन थरांची रचना पातळ होत गेली.

१९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्याचं कलम २५ फारसं कुणी वाचत नाही. जोखमीची मुलं ओळखण्यासाठी सर्व मुलांची वर्षातून किमान एकदा तपासणी करावी, असं त्यात स्पष्ट लिहिलं होतं. दर चार वर्षांवरून दरवर्षी, हा बदल कागदावर यायला चौतीस वर्षं लागली. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यानं ही तरतूद कायम ठेवली, दिव्यांगत्वाचे प्रकार सातांवरून एकवीस केले आणि शाळकरी मुलांचं दर पाच वर्षांनी सर्वेक्षणही सांगितलं. सर्व शिक्षा अभियानात समावेशित शिक्षणासाठी मुलामागे वर्षाला १,२०० रुपये होते, ते पुढे ३,००० झाले आणि २०१८ मध्ये त्या अभियानाच्या जागी आलेल्या समग्र शिक्षा योजनेत ३,५००.

आता आजच्या सेवेकडे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाची सुरुवात ६ फेब्रुवारी २०१३ रोजी पालघरला झाली, तेव्हा पालघर ठाणे जिल्ह्यात होतं. जन्मापासून अठरा वर्षांपर्यंतची मुलं यात येतात. अंगणवाडीत वर्षातून दोनदा, शाळेत एकदा तपासणी होते. पथकात दोन आयुष डॉक्टर, एक पुरुष आणि एक स्त्री, सोबत एक परिचारिका आणि एक औषधनिर्माता. जन्मजात व्यंग, कमतरतेचे आजार, बालपणीचे आजार आणि विकासातले विलंब असे चार गट मिळून तीस स्थिती बघायच्या असतात. खासगी विनाअनुदानित शाळांतली मुलं यातून सुटतात. आता खेड्यातही अशा शाळांच्या गाड्या फिरतात, त्यामुळे ही फट दिसते तेवढी लहान राहिलेली नाही.

पथकाच्या पेटीत वजनकाटा, उंचीपट्टी, दंडाचा घेर मोजायची पट्टी, विजेरी, रक्तदाबाचं यंत्र, दृष्टितक्ता, घंटी, खुळखुळा, लोकरीचा गोळा, एक इंची ठोकळे आणि मनुक्यांची छोटी बाटली असते. मनुका बाटलीतून चिमटीनं काढता येते का, ठोकळ्यांवर ठोकळा चढवता येतो का, यावरून अंगणवाडीतल्या मुलाची हाताची आणि डोक्याची वाढ समजते. पेटी विचार करून भरलेली आहे. गडबड होते ती पेटी वापरण्याच्या जागेत आणि वेळेत.

वेळेचं गणित साधं आहे. शंभर पटाची शाळा, दोन डॉक्टर, प्रत्यक्ष कामाचे पाच तास. डॉक्टरमागे पन्नास मुलं, प्रत्येकाला सहा मिनिटं. त्यातच उंची, वजन, दात, त्वचा, हृदयाचे ठोके, डोळे, कान आणि नोंदी. फाटलेला ओठ, वाकडं पाऊल, गलगंड, हृदयातली खरखर सहा मिनिटांत कळते. वाचनाची अडचण, स्वमग्नता, एका कानाचा बहिरेपणा हे सहा मिनिटांत कळत नाही. म्हणून पहिल्या प्रकारात या सेवेचं काम उठून दिसतं आणि दुसऱ्या प्रकारात ते शिक्षकानं आधी काही सांगितलं का यावर अवलंबून राहतं.

डोळ्यांची तपासणी जवळून बघण्यासारखी आहे, कारण इथली चूक टाळता येण्याजोगी आहे. तक्ता सहा मीटरवरून वाचायचा असतो, म्हणजे जवळजवळ वीस फूट. बाकं मांडलेल्या वर्गात तेवढी सरळ मोकळी जागा बहुतेक वेळा नसते. मग मूल दहा-बारा फुटांवर उभं केलं जातं. तीन मीटरवरून सहाची ओळ वाचणाऱ्या मुलाची दृष्टी प्रत्यक्षात ३/६ असते, म्हणजे ६/१२: चांगल्या नजरेला बारा मीटरवरून दिसतं ते त्याला सहा मीटरवरून दिसतं. त्याला चष्म्याची गरज असू शकते, पण नोंदीत तो ६/६ म्हणून उत्तीर्ण होतो. दुसरी चूक प्रकाशाची. तक्ता खिडकीला किंवा दाराला टेकवला की मागून येणाऱ्या उजेडात अक्षरं विरतात आणि चांगल्या नजरेचं मूलही अडखळतं. तिसरी चूक रांगेची. पुढचा मुलगा मोठ्यानं वाचतो आणि मागच्या दहाजणांची ओळ पाठ होते. चौथी, बोटांच्या फटीतून बघणं. यावर उपाय स्वस्त आहेत. व्हरांड्यात आदल्या दिवशी टेपनं सहा मीटर मोजून खडूनं रेघ मारावी. तक्त्यावर समोरून उजेड पडेल असं बघावं. रांग तक्ता दिसणार नाही अशी वळवावी. डोळा बोटांनी न झाकता जाड पुठ्ठ्यानं झाकावा. अक्षरं न येणाऱ्या मुलांसाठी ई अक्षराचा तक्ता असतो, त्यात काड्यांची तोंडं कुठं आहेत ते हातानं दाखवायचं. ते आधी वर्गात खेळ म्हणून शिकवलं तर सहा मिनिटांतली दोन वाचतात.

कानाची तपासणी ही या सेवेची सर्वांत कच्ची बाजू. मागून घंटी वाजवली, मुलानं मान वळवली, की ऐकू येतं अशी नोंद होते. पण उंच पट्टीचे आवाज न ऐकू येणाऱ्या मुलांना घंटी, ढोल, मोटारीचा हॉर्न व्यवस्थित ऐकू येतो. त्यांना जात नाहीत ते स, श, च, त हे आवाज. असं मूल हाकेला ओ देतं, पण शुद्धलेखनात ठरावीक अक्षरं सतत गाळतं आणि निष्काळजी ठरतं. शाळेच्या गोंगाटात घंटीपेक्षा कुजबुजीची चाचणी जास्त भरवशाची. मुलाच्या मागे हातभर अंतरावर उभं राहायचं, म्हणजे ओठ दिसत नाहीत. त्याचा एक कान बाहेरून हलका दाबून धरायचा, श्वास सोडून मग तीन अंक-अक्षरं कुजबुजायची आणि त्याला म्हणायला लावायची. मग दुसरा कान. चुकलं तर वेगळे अंक देऊन पुन्हा एकदा. दोन्ही वेळा चुकलं तर चिठ्ठी. कान वाहणाऱ्या मुलांत ऐकू येणं महिन्यागणिक बदलतं, त्यामुळे त्यांची एक चाचणी पावसाळ्यात आणि एक उन्हाळ्याआधी व्हायला हवी. वर्षातून एकदाच्या वेळापत्रकात हे बसत नाही. ते शिक्षकालाच करावं लागतं.

अध्ययन अक्षमतेबाबत, म्हणजे वाचन-लेखन शिकण्यातल्या अडचणीबाबत, नियम माहीत असावेत. २०१८ च्या केंद्रीय मार्गदर्शक सूचनांनुसार प्रमाणपत्र वयाच्या आठ वर्षांनंतरच मिळतं आणि चौदाव्या आणि अठराव्या वर्षी पुन्हा तपासणी लागते. पहिली-दुसरीत चिठ्ठी मागून उपयोग नाही, पण तिसरीत मागितली नाही तर दहावीच्या परीक्षेतल्या जादा वेळेसाठी नववीत धावपळ होते. पथकाला मुलाच्या दोन विषयांच्या वह्या दाखवाव्यात. तोंडी उत्तरं बरोबर आणि लेखी चुका त्याच त्या, हा फरक वहीत लगेच दिसतो.

तपासणीनंतर येते संदर्भ चिठ्ठी. इथंच ही सेवा दोन वाटांनी जाते.

एक वाट सुरळीत आहे. पथकाला हृदयात खरखर ऐकू आली तर मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या टू-डी इको (हृदयाची सोनोग्राफी) शिबिरात बोलावलं जातं आणि गरज असल्यास मान्यताप्राप्त रुग्णालयात शस्त्रक्रिया होते. खर्च आरबीएसके किंवा महात्मा ज्योतिबा फुले जन आरोग्य योजनेतून भागतो. दुभंगलेला ओठ आणि टाळू यांचंही तसंच. जन्मजात वाकडं पाऊल तर लहान बाळात पॉन्सेटी पद्धतीनं मोठ्या शस्त्रक्रियेशिवाय सरळ होतं. दर आठवड्याला एक, अशी पाच-सहा प्लास्टर, मग टाचेची शीर सोडवण्याचा छोटा छेद. त्यानंतर दांडीला जोडलेले बूट पहिले तीन महिने दिवसाचे तेवीस तास, पुढे चार वर्षांपर्यंत झोपेत. पाऊल पुन्हा वळतं ते बहुतेक वेळा बूट घालणं सोडल्यामुळे. प्लास्टर निघालं, पाऊल सरळ दिसलं, बाळ रात्री रडतंय, मग बूट कपाटात जातात. इथं अंगणवाडी सेविकेनं दर महिन्याला एवढंच विचारायचं असतं: रात्री बूट घालता का, आणि ते बसतात का? जिथं सेविकेला हे सांगून ठेवलेलं असतं, तिथं निकाल चांगले राहतात.

दुसरी वाट अवघड. सेरेब्रल पाल्सी (मेंदूतल्या दोषामुळे स्नायूंवर नीट ताबा नसणं), बहिरेपणा, बौद्धिक अक्षमता, फिट्स. या मुलांसाठी जिल्ह्याला डीईआयसी, म्हणजे शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं. बालरोगतज्ज्ञ, फिजिओथेरपिस्ट, वाचा-श्रवणतज्ज्ञ, मानसतज्ज्ञ, नेत्रतपासक, विशेष शिक्षक एकाच छताखाली, ही कल्पना खरोखर उत्तम आहे आणि जिथं सगळी पदं भरलेली असतात तिथं तिचा फायदा दिसतो. पण हे केंद्र जिल्ह्याच्या गावी असतं. सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला आठवड्यातून काही वेळा व्यायाम लागतो. ऐंशी किलोमीटरवरून आईनं मूल कडेवर घेऊन दोन एसटी बदलून आठवड्याला एकदा यायचं म्हटलं तरी ते दोन-तीन महिन्यांपलीकडे टिकत नाही. म्हणून अशा केंद्रात पहिल्याच भेटीत घरी करायचे चार-पाच व्यायाम आईच्या हातून करवून घ्यावेत. चित्रांचा कागद देऊन पाठवू नये, तिथंच तिला करून दाखवायला लावावेत. पालकांनीही हे हक्कानं मागावं. मोबाईलवर आईचंच व्हिडिओ शूटिंग करून ठेवलं तर गावातल्या विशेष शिक्षकाला पुढे त्यावरून दुरुस्ती करता येते.

या वाटेवरचा एक ऐतिहासिक गुंता लक्षात घ्यायला हवा. शिबिरांची आपली सगळी यंत्रणा पोलिओच्या काळात तयार झाली. तेव्हा पाय लुळा, पण हात, बुद्धी, बोलणं शाबूत, अशी मुलं सर्वांत जास्त होती आणि त्यांना कॅलिपर, कुबड्या, तीनचाकी एवढं दिलं की मोठा फरक पडत असे. १९७२ मध्ये कानपूरला अलिम्को ही कृत्रिम अवयव आणि साधनं बनवणारी सरकारी कंपनी स्थापन झाली, १९८१ मध्ये साधनांसाठीची एडिप योजना आली, ती याच गरजेतून. नैसर्गिक विषाणूमुळे झालेल्या पोलिओचा देशातला शेवटचा रुग्ण १३ जानेवारी २०११ चा आणि २७ मार्च २०१४ ला पोलिओमुक्तीचं प्रमाणपत्र मिळालं. हे यश फार मोठं आहे. पण त्यानंतर शाळेतल्या दिव्यांग मुलांचं चित्र बदललं, शिबिराची रीत मात्र तीच राहिली. आजच्या सेरेब्रल पाल्सीच्या मुलाला चाकाची खुर्ची दिली आणि ती मोठ्या माणसाच्या मापाची असली, म्हणजे बैठक सोळा-अठरा इंच रुंद, तर मूल एका बाजूला कलंडून बसतं आणि पाठीचा कणा वाकतो. योग्य माप असं बघावं: दोन्ही बाजूंना जेमतेम हात सरकेल एवढी जागा, गुडघ्यामागे आणि बैठकीच्या कडेत दोन बोटांचं अंतर, कंबर आणि गुडघे काटकोनात, पावलं पूर्ण टेकलेली. पाऊल लोंबकळत असेल तर पायपट्टी वर करून घ्यावी आणि ते होत नसेल तर खुर्ची स्वीकारू नये. वाटपाच्या दिवशी नाही म्हणणं जड जातं, पण घरी नेलेली चुकीची खुर्ची पुढे धान्याची पोती ठेवायला जाते.

साधनं मिळण्याची रीत दोन टप्प्यांची आहे. आधी मोजमाप शिबिर, काही महिन्यांनी वाटप शिबिर. शाळेतल्या मुलांसाठी एडिप आणि शिक्षण विभाग खर्च ६०:४० असा वाटून घेतात. मधले महिने जितके जास्त, तितकं माप जुनं. श्रवणयंत्राच्या कानातल्या साच्याला हे सर्वाधिक भोवतं. मुलाचा कान वाढला की साचा सैल होतो, आवाज गळतो आणि यंत्र शिट्टी मारायला लागतं. शिट्टी थांबवायला घरचे आवाज कमी करतात, मग मुलाला काहीच ऐकू येत नाही आणि ते यंत्र काढून ठेवतं. यंत्र बिघडलंय असं सगळे समजतात, प्रत्यक्षात फक्त साचा बदलायचा असतो. शाळकरी वयात तो साधारण वर्षाला, त्याहून लहान मुलांत काही महिन्यांतच बदलावा लागतो. दुसरी बाब सेलची. कानामागच्या यंत्राचा बटणसेल हवेवर चालतो. त्यावरचा चिकटकागद एकदा काढला की यंत्र बंद असलं तरी तो उतरत जातो, रोजच्या वापरात एक-दोन आठवड्यांत संपतो. तालुक्याला तो मिळेलच असं नाही. खिशातलं जुन्या पद्धतीचं यंत्र दिसायला बोजड, पण त्याचा पेन्सिल सेल किराणा दुकानात मिळतो. त्याची वायर तुटते, म्हणून जादा वायर वाटपाच्या वेळीच मागून घ्यावी. पावसाळ्यात रात्री सेल काढून यंत्र घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुडीबरोबर ठेवावं, नळीत पाणी धरत नाही.

कॅलिपरचं तसंच. त्यात दोन बाजूंच्या पट्ट्या, गुडघ्याचा सांधा आणि त्यावर सरकणारी कुलपाची कडी, मांडीचा आणि पोटरीचा चामडी पट्टा, खाली बूट. मूल वाढलं की लोखंडी सांधा खऱ्या गुडघ्याच्या खाली राहतो. मग बसताना मांडीचा पट्टा रुततो. घरी करायची परीक्षा सोपी आहे: कॅलिपर काढल्यावर अर्ध्या तासानंतरही कातडीवर लाल व्रण टिकला तर माप चुकलं आहे, आणि घालणं थांबवून दुरुस्तीला न्यायला हवं. कडी चिखलानं किंवा गंजानं अडकते, तिला शिवणयंत्राच्या तेलाचा एक थेंब पुरे. बुटाचा तळ, चामडं, टाके मोची करून देतो. पट्ट्या वाकवणं किंवा सांधा सरकवणं मात्र प्रशिक्षित माणसाशिवाय कुणाकडूनही करून घेऊ नये, कारण थोडा तिरकेपणाही गुडघ्यावर जातो.

इथं एक नियम बहुतेक पालकांपर्यंत पोचतच नाही. एडिपमध्ये तेच साधन पुन्हा मिळायला तीन वर्षं थांबावं लागतं, पण बारा वर्षांखालच्या मुलासाठी ही मर्यादा एक वर्षाची आहे. १९९२ च्या पाच वर्षांच्या मर्यादेपासून इथवर येणं ही या सेवेच्या इतिहासातली खरी सुधारणा. ती वापरली जात नाही, कारण मोजमाप शिबिरात आधी साधन मिळालेल्या मुलाला पुन्हा नेतच नाहीत. मागचं साधन आखूड झाल्याचा फोटो आणि मागच्या वाटपाची तारीख घेऊन अर्ज केला तर मूल पात्र असतं.

प्रमाणपत्राविषयी थोडक्यात. यूडीआयडी कार्डासाठी, म्हणजे दिव्यांगत्वाच्या ओळखपत्रासाठी, नोंदणी ऑनलाइन होते, तपासणी शासकीय रुग्णालयात ठरलेल्या वारी. बहुतेक लाभ ४० टक्क्यांपासून पुढे. एकाच कानानं कमी ऐकणारं मूल त्या टक्केवारीत बसेलच असं नाही, पण त्याला पहिल्या बाकावर, चांगला कान शिक्षकांकडे करून बसवायला प्रमाणपत्र लागत नाही. हे पथकानं शाळेला लिहून द्यावं आणि शाळेनं मागावं.

घरी राहून शिकणारी मुलं, ज्यांच्यासाठी गृहाधारित शिक्षणाची सोय आहे, ती तपासणीच्या दिवशी हमखास सुटतात. पथकाची भेट आधी कळते. त्या दिवशी अशा मुलांना आणण्यासाठी गाडीची सोय करणं, किंवा पथकाला परतताना त्या घरी नेणं, हे मुख्याध्यापक आणि केंद्रप्रमुखांनी ठरवायचं काम. गैरहजर मुलांचीही वेगळी यादी करून ती पथकाकडून सहीनिशी घ्यावी, म्हणजे शेजारच्या शाळेच्या भेटीत त्यांना दाखवता येतं.

सेवा वापरणाऱ्यांनी पुढच्या गोष्टी हातात ठेवाव्यात. भेटीआधी प्रत्येक वर्गशिक्षकानं शंका असलेल्या मुलांची नावं एका कागदावर, समोर काय दिसलं ते लिहून: फळा वाचताना डोळे बारीक करतो, हाक मारली की उजवीकडेच वळते, जिना चढताना मांडीला हाताचा आधार घेतो, मध्येच काही क्षण शून्यात बघते. शेवटच्या दोन खुणा विशेष महत्त्वाच्या. एक स्नायूंच्या आजाराची असू शकते, दुसरी फिट्सची, आणि डॉक्टरसमोर त्या सहा मिनिटांत दिसतीलच असं नाही. ही मुलं रांगेत आधी पाठवावीत, डॉक्टर ताजे असताना. चिठ्ठीची एक प्रत किंवा मोबाईलवरचा फोटो शाळेकडे ठेवावा, मूळ प्रत पालकांकडे. चिठ्ठीवर कुठल्या विभागात, कुठल्या वारी, कुणाला भेटायचं एवढं लिहून घ्यावं. नुसतं जिल्हा रुग्णालय असं लिहिलेली चिठ्ठी घेऊन आलेले पालक केसपेपरच्या रांगेतच दुपार घालवतात आणि बाह्यरुग्ण विभाग बंद होतो. महिन्यानंतर शिक्षकानं फक्त एक विचारावं, जाऊन आलात का. नसतील तर कारण नोंदवावं, गाडीभाडं, मजुरी, कागद की भीती, आणि ते गटसाधन केंद्रातल्या विशेष शिक्षकाला कळवावं. प्रवास भत्ता आणि मदतनीस भत्ता समग्र शिक्षेत आजही आहेत, त्यासाठीचे अर्ज विशेष शिक्षकामार्फतच पुढे जातात.